नौकेचा चातुर्मास

मथळा वाचून वाचकांस थोडेंसें नवल वाटेल. चातुर्मास पाळतात ते संन्यासी. प्रवास वर्ज्य करून, एके ठिकाणीं राहून ते पावसाळ्याचे दिवस काढतात. परंतु आपल्या कोंकणपट्टींत आणखी एक वर्ग फार जुन्या काळापासून हें व्रत पाळीत आला आहे, आणि तो म्हणजे होड्यांचा. ज्येष्ठाचे ढग क्षितिजावर दिसूं लागले कीं रायगड जिल्ह्याच्या किनाऱ्यावरील वरसोली, थळ, रेवदंडा, मुरूड अशा गांवीं होड्या पाण्याबाहेर ओढल्या जातात, झापांनीं किंवा ताडपत्रीनें शाकारल्या जातात, आणि श्रावणांत नारळी पौर्णिमेस दर्याची पूजा होईपर्यंत जमिनीवर विसांवा घेतात. जूनच्या आरंभापासून सुमारें दोन महिने यांत्रिक नौकांच्या मासेमारीस सरकारी बंदी असते. माशांच्या विणीचा काळ आणि समुद्राचा कोप हीं दोन्हीं कारणें तीमागें आहेत. मासेमारीचें नियमन करणारा आपल्या राज्याचा कायदा १९८१ सालचा. पण ही चाल त्याहून कितीतरी जुनी.

प्रस्तुत लेखक राहतो तें कोंडाणें गांव समुद्रापासून दूर, राजमाचीच्या पायथ्याशीं आहे. येथें प्राचीन बौद्ध लेणीं आहेत, भातशेती आहे, आणि उन्हाळ्यांत गुडघाभर व आषाढांत उरांत धडकी भरविणारी उल्हास नदी आहे. होडी मात्र नाहीं. मग ह्या माणसानें होडीविषयीं कां लिहावें, असा प्रश्न कोणी विचारील. त्यास उत्तर असें कीं, आमच्या आप्तवर्गांतील एका कुटुंबाचें घर रेवदंड्यास आहे, तेथील तरुण मंडळींनीं कांहीं वर्षांपूर्वीं फायबरची पंधरा फुटी मोटार-होडी घेतली, आणि ती दर वर्षीं वर काढण्याचा प्रसंग मीं अनेकदां जवळून पाहिला आहे. शिवाय अलीकडे खाडीकांठीं वा धरणाकांठीं घर बांधून लहानशी यांत्रिक होडी बाळगणारीं सुशिक्षित कुटुंबें वाढत आहेत. होडी विकत घेतांना चार जणांचा सल्ला घेतला जातो. ती पावसाळ्यांत कशी ठेवावी हा प्रश्न मात्र पहिला पाऊस दाराशीं आल्यावर आठवतो. तहान लागल्यावर विहीर खणण्याचाच हा प्रकार होय.

जुनें शहाणपण

नौकेची निगा हा विषय आपल्याकडे नवा नाहीं. कौटिल्याच्या अर्थशास्त्रांत, दुसऱ्या अधिकरणांत, ‘नावध्यक्ष’ नांवाच्या अधिकाऱ्यावर एक स्वतंत्र अध्याय आहे. त्यांत एक मार्मिक नियम सांगितला आहे. पुरेशीं माणसें किंवा साधनें नसल्यामुळें, अथवा डागडुजी केलेली नसल्यामुळें नाव बुडाली, तर झालेलें नुकसान नावध्यक्षानें भरून द्यावें. डागडुजी न केलेल्या नावेस तेथें शब्द योजला आहे ‘असंस्कृता’. मनुष्यास जसे संस्कार, तसे नौकेसहि. आणि ते न करणाऱ्यावर दंडाची जबाबदारी. आपण ‘नशीब’ म्हणून मोकळे होतों तेथें कौटिल्य ‘कोणाचें काम होतें?’ असें विचारतो.

मराठेशाहींतील आज्ञापत्रांतहि आरमारावर प्रकरण आहे. दर्या खवळण्यापूर्वींच आरमार छावणीस न्यावें, वादळ येण्याची वाट पाहूं नये, हा त्यांतील उपदेश आजच्या पंधरा फुटी होडीसहि तितकाच लागू पडतो. विजयदुर्गाजवळ वाघोटणच्या खाडींत गिर्ये येथें मराठ्यांच्या आरमाराची गोदी होती. तिचे अवशेष अद्याप पाहावयास मिळतात. मुंबईस लवजी नसरवानजी वाडिया हे १७३६ सालीं आले आणि त्यांच्या घराण्यानें जहाजबांधणीचा लौकिक मिळविला. ह्या गोदींत सागवानी लांकडाचें बांधलेलें ‘ट्रिंकोमाली’ हें जहाज १८१७ सालीं पाण्यांत उतरलें. तें आज दोनशें वर्षांनंतरहि इंग्लंडांत हार्टलपूल येथें तरंगत आहे. लांकूड चांगलें होतें हें खरेंच; पण केवळ लांकडाच्या चांगुलपणावर दोनशें वर्षें निघत नाहींत. वेळोवेळीं जहाज पाण्याबाहेर घेऊन त्याचा तळ पाहणारीं माणसेंहि लागतात.

वजनाचा हिशेब

रेवदंड्याचे एक वृद्ध नाखवा मला एकदां म्हणाले, “मास्तर, पाण्यांत होडी हलकी असते म्हणून माणूस फसतो. जमिनीला लागली कीं ती धोंडा झाली असें समजा.” आर्किमिडीजचा सिद्धान्त मीं शाळेंत वर्षानुवर्षें शिकविला; पण तो इतक्या थोडक्यांत कोणीं सांगितलेला ऐकला नव्हता.

पंधरा फुटी फायबरच्या होडीचें नुसतें कवच तीनशें किलोंच्या आसपास धरावें. मागें टांगलेलें पंचवीस अश्वशक्तीचें इंजिन पन्नास-साठ किलो, आणि नांगर, दोर, बॅटरी, वल्हीं मिळून आणखी चाळीस किलो. म्हणजे सारें वजन चारशें किलो झालें. पाण्यांत असतांना हें सर्व ओझें पाणी उचलून धरतें, म्हणून एक मुलगाहि होडीला बोटानें ढकलूं शकतो. तीच होडी उतारावर आली कीं चारशें किलोंचा भार माणसांच्या हातांवर, दोरावर आणि ओंडक्यांवर येतो. हातानें ढकलतांना आलेला अनुभव मनांत ठेवून जो जमिनीवर वागतो, त्याच्या पायाचा वा बोटांचा चुरा होण्यास क्षणाचाहि अवधि लागत नाहीं.

ह्यावरून पहिला नियम निघतो. होडी वर काढण्यापूर्वीं ती जितकी हलकी करतां येईल तितकी करावी. पेट्रोलची टाकी, बॅटरी, नांगर, बैठकी, सर्व उतरवून घ्यावें. तळाशीं साचलेलें पाणी उपसून टाकावें. कारण एक बादली पाणी म्हणजे पंधरा किलो, आणि तें होडी कलतांच एका बाजूस धांवत जाऊन तोल बिघडवितें. शक्य असल्यास इंजिनहि आधीं उतरवावें. दोन धडधाकट माणसें तें नेऊं शकतात. एकानें तो पराक्रम करूं नये.

वेळेची निवड

खाडीकांठीं राहणारांस निसर्गानें एक फुकटचा मजूर दिला आहे, तो म्हणजे भरती. उधाणाच्या भरतीनें होडी उताराच्या माथ्याजवळ आणावी, आधीं मांडून ठेवलेल्या ठोकळ्यांवर ती नेमकी तरंगत ठेवावी, आणि ओहोटीनें पाणी निघून जाऊं द्यावें. पाणी आपण होऊन होडी खालीं ठेवतें. माणसानें फक्त ती सरळ धरावयाची.

भरतीची वेळ काढण्याची एक सोपी रीत किनाऱ्यावर प्रसिद्ध आहे, व पंचांग घरीं असलेल्या कुटुंबास ती सहज जमेल. पक्षांतील तिथीची पाऊणपट केली कीं पूर्ण भरतीचा तास ठोकळ मानानें मिळतो. चतुर्थीस तीन वाजतां, अष्टमीस सहा वाजतां, दशमीस साडेसात वाजतां, आणि पौर्णिमेस किंवा अमावास्येस सव्वाअकरा ते बाराच्या सुमारास भरती पूर्ण होते. हीच वेळ दिवसा व रात्रीं दोन्हीं धरावी. भरती पूर्ण झाल्यावर साधारण सहा तासांनीं ओहोटी पूर्ण होते. अमावास्या-पौर्णिमेच्या आसपास उधाण, आणि अष्टमीच्या आसपास भांग, म्हणजे कमी चढउताराची भरती. ही रीत मुंबईच्या आसपासच्या किनाऱ्यास लागू पडते. खाडींत आंत जावें तसतसा उशीर होतो. बिनचूक वेळ हवी असल्यास भारतीय सर्वेक्षण विभागाचें भरती-ओहोटीचें कोष्टक पाहावें.

ह्यांत एक खुबी लक्षांत ठेवण्यासारखी आहे. वैशाखांतील उधाण जेथवर पोंचतें तीच शेवटची मर्यादा असें समजूं नये. आषाढ-श्रावणांतील उधाणें अधिक चढतात, आणि वाऱ्याचा जोर पाठीशीं असला म्हणजे आणखीच. मुंबई बंदरांत त्या दिवसांत साडेचार मीटरांच्या वर पाणी चढतें हें वर्तमानपत्रांतून दर वर्षीं वाचावयास मिळतें. म्हणून भरतीनें होडी जेथें ठेवली तेथेंच तिचा मुक्काम नसावा. तेथून ती आणखी वर, कोरड्या व उंच जागीं न्यावी. धरणाच्या किंवा नदीच्या कांठीं भरतीची मदत नसते. तेथें उन्हाळ्यांत पाणी खालीं गेलेलें असतें आणि पावसाळ्यांत तें दररोज चढत जातें. म्हणून जागा निवडतांना आजचें पाणी न पाहतां भाद्रपदांतील पाणी डोळ्यांपुढें आणावें.

ओढणें आणि उचलणें

होडी वर नेण्याचे मार्ग मुख्यतः तीन. पहिला ओंडक्यांवरून ओढणें, दुसरा चाकांच्या गाड्यावर, म्हणजे ट्रेलरवर, घेणें, आणि तिसरा साखळीच्या कप्पीनें किंवा क्रेननें अधर उचलणें.

ओढण्याचें गणित सोपें आहे. आठ फूट पुढें गेलें असतां एक फूट चढणाऱ्या उतारावर चारशें किलोंची होडी ओढण्यास वजनाचा आठवा भाग, म्हणजे पन्नास किलोंचा जोर, आणि शिवाय घर्षणापुरता जोर लागतो. ओंडके गोल व गुळगुळीत असतील तर घर्षण थोडें. रेतींत रुतले तर तें कितीतरी वाढतें. म्हणून ओंडक्यांखालीं फळ्या अंथराव्यात. पण सर्वांत महत्त्वाची गोष्ट माणसांच्या जागेची आहे. होडी चालू असतांना पुढचा ओंडका घालण्यासाठीं कोणीहि तिच्या समोर वांकूं नये. मागें सांगितलेल्या त्याच गांवीं एकदां बारा वर्षांचा एक उत्साही मुलगा ओंडका घेऊन होडीच्या नाळेपुढें धांवला. नाखवांनीं हात वर करून सारी ओढ एकदम थांबविली, मागच्या ओंडक्यास पाचर मारावयास लाविली, आणि मगच त्या मुलास बाजूस घेतलें. “पोरा, होडी उद्यां पण ओढतां येईल,” एवढेंच ते बोलले. कोणीहि कांहीं म्हणालें नाहीं. पण त्या दिवशीं चाळीस हात दोराला लागले असतांना एकाच माणसाच्या शब्दावर तें सारें थांबलें, म्हणून तो मुलगा आज कॉलेजांत जात आहे. अशा कामीं हुकूम एकाचा असावा, आणि “थांबा” हा शब्द मात्र कोणासहि उच्चारण्याची मुभा असावी.

ताणलेल्या दोराविषयींहि सावध राहावें. नायलॉनचा दोर ताणला असतां लांबतो आणि तुटला कीं चाबकासारखा मागें येतो. दोराच्या रेषेंत उभें राहूं नये, त्याच्या वेटोळ्यांत पाय ठेवूं नये, आणि तो हाताला गुंडाळून घेऊं नये. ट्रेलर वापरावयाचा असेल तर मोटारीच्या मागच्या चाकांस पाचर लावणारा एक माणूस सतत हातांत पाचर घेऊन उभा असावा; शेवाळलेल्या उतारावरून होडीसह मोटारहि पाण्यांत गेल्याचे प्रसंग जगभर घडतात.

अधर उचलण्यांत धोका अधिक. होडीच्या कडेच्या लोखंडी दांड्यांस किंवा दोर बांधण्याच्या खुंट्यांस सांखळी अडकवूं नये; त्या होडीचें वजन पेलण्यासाठीं केलेल्या नसतात. होडी करणारानें उचलण्यासाठीं मुद्दाम बसविलेलीं कडीं असलीं तर तीं वापरावीं. नसल्यास रुंद कापडी पट्टे, एक नाळेकडे व एक मागच्या बाजूस, तळाखालून घ्यावेत. ते दोन्हीं पट्टे आपापसांत दोरानें बांधावेत, म्हणजे पुढचा पट्टा नाळेच्या उतारावरून सरकणार नाहीं.

येथें विद्यार्थ्यांस आवडेल असें एक गणित आहे. दोन पट्टे सरळ उभे असतील तर चारशें किलोंच्या होडींत प्रत्येकावर दोनशें किलोंचा भार येतो. ते क्षितिजाशीं साठ अंशांचा कोन करीत असतील तर प्रत्येकावर सुमारें दोनशें तीस किलो. पण आंकडा फार खालीं घेतला आणि कोन तीस अंशांचा झाला, तर प्रत्येक पट्ट्यावर पुरे चारशें किलो येतात. वजन तेंच, पट्टे तेच. केवळ कोन बदलला आणि ताण दुप्पट झाला. शिवाय असे पसरट पट्टे होडीच्या कडा आंत दाबतात. म्हणून आंकडा उंच असावा, कोन उभट असावा. होडी प्रथम वीतभर उचलून थांबावें, तोल पाहावा, आणि मग वर घ्यावी. पुढें व मागें एकेक हलका दोर धरून दोघांनीं तिला फिरूं देऊं नये. अधर असलेल्या होडीखालीं कोणीहि जाऊं नये, पडलेली चप्पल घेण्यासाठींसुद्धां नाहीं. आणि क्रेनचा हात वर करण्यापूर्वीं डोक्यावरून विजेची तार गेली आहे काय, हें प्रथम पाहावें. आपल्या खेड्यांत तारा खालीं लोंबलेल्या असतात.

बैठक

होडी जमिनीवर कशी बसते ह्यावर तिचें पुढील आयुष्य अवलंबून आहे. पाणी तिला सर्व बाजूंनीं सारखा आधार देतें. जमीन देते तो एक-दोन ठिकाणीं. म्हणून तळाच्या मधल्या कण्याखालीं लांकडी ठोकळे घालून मुख्य वजन त्या कण्यावर घ्यावें. बाजूचे टेकू केवळ कलूं नये म्हणून असतात, वजन पेलण्यासाठीं नव्हे. एकच टेकू पातळ भागांत खुपसला असतां फायबर आंत दबतें आणि तेथें पुढें चीर पडते. ठोकळ्यांवर जुने टायर किंवा जाजमाचे तुकडे घालावेत. इंजिन मागेंच ठेवावयाचें असेल तर मागच्या फळीखालीं वेगळा आधार द्यावा.

जमिनीचाहि विचार हवा. जांभ्याची जमीन पावसांत टिकते. आमच्या कर्जत-खालापुराकडची भाताची माती मात्र आषाढांत लोण्यासारखी होते. ज्येष्ठांत घट्ट बसलेला ठोकळा महिन्याभरांत एका बाजूनें खचतो आणि होडी कलते. अशा जागीं ठोकळ्यांखालीं रुंद फळ्या किंवा फरशा घालाव्यात, म्हणजे भार पसरतो.

आतां पावसाच्या पाण्याचा हिशेब पाहूं. चौरस मीटर जागेवर एक मिलिमीटर पाऊस पडला म्हणजे एक लिटर पाणी झालें. चार मीटर लांब व दीड मीटर रुंद अशी उघडी होडी धरली तर तिचें क्षेत्र सहा चौरस मीटर. शंभर मिलिमीटर पाऊस आमच्या घाटपायथ्याला कांहीं विशेष नव्हे. तेवढ्यानें सहाशें लिटर, म्हणजे सहाशें किलो पाणी होडींत पडतें. होडीच्या स्वतःच्या वजनाच्या दीडपट! २६ जुलै २००५ रोजीं सांताक्रूझ येथें एका दिवसांत ९४४ मिलिमीटर पाऊस झाला. त्या मानानें हिशेब केल्यास साडेपांच टनांहून अधिक पाणी होतें. होडींत इतकें मावणार नाहीं हें खरें. परंतु भरून वाहण्यापूर्वींच टेकू मोडतील आणि तळ फुटेल. म्हणून तळाच्या भोंकाचें बूच काढून ठेवावें, नाळ थोडी उंच करावी, आणि वर आच्छादन घालावें. लहान, हलकी होडी असल्यास ती पालथी घालणें सर्वांत उत्तम. आच्छादन मध्यें उंच आडवा बांबू घालून घराच्या पाख्याप्रमाणें उतरतें करावें. सपाट ताडपत्रीवर पाण्याचें तळें सांचतें. दोन्हीं टोकांस वाऱ्याला वाट ठेवावी, नाहींतर आंत बुरशी धरते.

काढलेलें बूच कोठें ठेवावें? तें सुतळीनें बांधून सुकाणूच्या चाकास टांगावें. पुढल्या हंगामांत पहिल्या दिवशीं होडी बुडते ती वादळानें नव्हे, तर कपाटांत ‘नीट’ ठेवलेल्या बुचाच्या विस्मरणानें.

वाऱ्याची गोष्ट वेगळी सांगावयास नको. ३ जून २०२० रोजीं ‘निसर्ग’ चक्रीवादळ अलिबागच्या दक्षिणेस किनाऱ्यावर आदळलें, तेव्हां वाऱ्याचा वेग ताशीं शंभर किलोमीटरांहून अधिक होता, आणि रायगडांतील हजारों माड-पोफळी आडव्या झाल्या. वाऱ्याचा वेग दुप्पट झाला कीं त्याचा दाब चौपट होतो. म्हणून होडी जमिनींत खोल ठोकलेल्या मेखांस चारहि बाजूंनीं बांधावी; टेकूंस बांधूं नये. ती माडाखालीं ठेवूं नये, हें तर उघडच आहे.

कवच, यंत्र आणि इंधन

वर काढल्याबरोबर, ओली असतांनाच तळावरील शेवाळ व चिकटलेले शिंपले खरवडून काढावेत. वाळले म्हणजे ते दगडासारखे होतात. नंतर गोड्या पाण्यानें सारी होडी धुवावी. फायबरची होडी वाळूं द्यावी, आणि फोड वा चिरा दिसल्यास खुणा करून ठेवाव्यात. लांकडी होडीची रीत याहून निराळी. ती पुरी वाळली तर फळ्या आकसून सांधे उघडतात. म्हणून तिला सावली हवी, तेलाचा हात हवा, आणि पाण्यांत सोडण्यापूर्वीं सांध्यांतून कापूस व राळ भरून पाहावी. लांकूड पोखरणारे समुद्री किडे मात्र ह्या जमिनीवरच्या मुक्कामांतच मरतात. हाहि चातुर्मासाचा एक लाभ.

इंजिनांतून खारें पाणी गेलेलें असतें. त्याच्या पाणी ओढण्याच्या जागीं गोड्या पाण्याची नळी जोडून दहा-पंधरा मिनिटें तें धुवून काढावें. पाण्यावांचून इंजिन चालवूं नये. आंतील रबरी पंखा थोड्याच वेळांत जळतो. बंद खोलींत इंजिन चालवूं नये. त्याचा धूर विषारी असून त्यांतील घातक वायूस वासहि नसतो. त्यानंतर इंजिन उभें ठेवून सारें पाणी निथळूं द्यावें, दांतेचक्रांचें तेल बदलावें, आणि काढलेलें तेल ताकासारखें पांढुरकें दिसल्यास आंत पाणी शिरतें आहे असें समजून कारागिरास दाखवावें. स्पार्क-प्लग काढून आंत थोडें तेल सोडावें. बॅटरी घरीं आणून महिन्यांतून एकदां भारित करावी.

आतां ज्या एका गोष्टीसाठीं हा लेख घरांतील गृहिणींनींहि अवश्य वाचावा असें वाटतें ती सांगतों. होडींतून काढलेलें पेट्रोल घरांत आणूं नये. माजघर, कोठीची खोली, जिन्याखालची जागा, यांपैकीं कोठेंहि नाहीं. पेट्रोलची वाफ हवेपेक्षां जड असते. ती डोळ्यांस न दिसतां जमिनीलगत पसरत जाते आणि देवघरांतील समईपर्यंत किंवा स्वयंपाकघरांतील शेगडीपर्यंत पोंचते. डबा दूर आहे म्हणून निर्धास्त राहूं नये; वाफ चालत येते. शिवाय आजच्या पेट्रोलांत इथेनॉल मिसळलेलें असतें व तें हवेंतील ओल शोषून घेतें, त्यामुळें चार महिने ठेवलेलें पेट्रोल इंजिनासहि बाधक होतें. उरलेलें पेट्रोल होडी बांधण्यापूर्वींच मोटारींत वापरून संपवावें, हा सर्वांत सुरक्षित मार्ग.

जागती होडी

सर्वच होड्यांनीं पावसाळ्यांत झोंपावें असें मात्र नाहीं. २७ जुलै २०१९ रोजीं मुंबईहून कोल्हापुरास निघालेली महालक्ष्मी एक्सप्रेस आमच्याच उल्हास नदीच्या पुरांत बदलापूर-वांगणीच्या दरम्यान अडकली. सुमारें एक हजार पन्नास उतारूंची सुखरूप सुटका झाली, ती राष्ट्रीय आपत्ती प्रतिसाद दल, नौदल आणि आसपासचे गांवकरी यांच्या श्रमांनीं. आणि त्या कामीं लहान होड्या उपयोगी पडल्या. समुद्रापासून इतक्या दूर, रेल्वेच्या रुळांवर, होडीची गरज पडेल असें आदल्या रात्रीं कोणास वाटलें असतें?

म्हणून ज्या गांवीं वा संस्थेंत मदतकार्यासाठीं होडी आहे, तेथें तिचा मुक्काम निराळ्या रीतीचा असावा. ती ट्रेलरवर, नाळ रस्त्याकडे करून, हवा भरलेल्या चाकांवर ठेवावी. तिचें बूच बसविलेलें असावें, आणि म्हणूनच आच्छादन पक्कें व पाणी न शिरणारें असावें. जीवरक्षक जाकिटें तिच्याजवळच असावींत. उंदरांनीं कुरतडलेलीं नसावींत. आठवड्यांतून एकदां नळी जोडून इंजिन चालवून पाहावें. तिचें ताजें इंधन मात्र वस्तीपासून अलग, हवेशीर खोलींत, योग्य डब्यांत, नियमानुसार परवानगी असेल तेवढेंच ठेवावें. किल्ली कोणाकडे, हें निदान तिघांस ठाऊक असावें. पुराच्या रात्रीं किल्ली शोधण्यांत गेलेली अर्धी घटका परत मिळत नाहीं.

कुटुंबांतील व्यवस्था

एकत्र कुटुंबांत वस्तु सर्वांची असते, आणि ‘भागीचें घोडें किवणानें मेलें’ ही म्हण आपणां सर्वांस ठाऊक आहे. होडीचेंहि तसेंच. थोरल्यांस वाटतें धाकटा पाहील, धाकट्यास वाटतें काका पाहतील, आणि भाद्रपदांत ताडपत्री फाटलेली व होडी कललेली आढळते. ह्यासाठीं कौटिल्याचा नावध्यक्ष प्रत्येक घरीं नेमावा. त्यानें एक लहानशी वही ठेवावी. होडी कोणत्या तारखेस वर काढली, काय काय उतरविलें व कोठें ठेवलें, कोणत्या दुरुस्त्या निघाल्या, हें तींत लिहावें. मोठा पाऊस झाला कीं दुसऱ्या दिवशीं एकदां फेरी मारून ठोकळे, दोर आणि आच्छादन पाहावें. आच्छादनांत हात घालण्यापूर्वीं काठीनें आपटावें, कारण साप-विंचवांस अशी कोरडी जागा फार प्रिय असते. आणि मुलांस टेकूंवर उभ्या असलेल्या होडीखालीं लपंडाव खेळूं देऊं नये. हा शेवटचा नियम वहींत लिहून भागणार नाहीं. तो मुलांस होडीजवळ उभें करून, टेकू दाखवून, कारणासह सांगावा. कारण समजलें म्हणजे मुलें नियम पाळतात, असा शिक्षकाच्या धंद्यांतील माझा अनुभव आहे.

होडी ही चैनीची वस्तु खरी. पण तिच्या निगेंत लागणारे गुण चैनीचे नव्हेत. वेळेपूर्वीं तयारी, वजनाची जाण, एकाच्या शब्दावर दहा जणांनीं थांबणें, आणि नेमून घेतलेलें काम कोणी पाहत नसतांनाहि करणें, हे ते गुण होत. ते ज्या घरांत आहेत तेथील नौका नारळी पौर्णिमेस निर्वेध पाण्यांत उतरेल, आणि ती ओढणाऱ्या सर्वांचे हातपायहि शाबूत राहतील. यंदाचा ज्येष्ठ येण्यापूर्वीं ज्यांच्या घरीं होडी आहे त्यांनीं एक दिवस ह्या कामासाठीं राखून ठेवावा, आणि ज्यांच्या घरीं नाहीं त्यांनीं हा लेख एखाद्या होडीवाल्या आप्तास वाचावयास द्यावा, एवढीच विनंती.